समन्सवर ३५ दिवस, हातात मात्र ३०: न्यू जर्सीतला दावा फेडरल कोर्टात कसा न्यायचा

न्यू जर्सीच्या सुपीरियर कोर्टाचं समन्स आलं की त्यातला एक आकडा लगेच नजरेत भरतो: ३५ दिवस. तेवढ्यात उत्तर दाखल करा, नाहीतर तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल होऊ शकतो, असं त्यात लिहिलेलं असतं. पण त्याच दिवशी ३० दिवसांची आणखी एक मुदत सुरू झालेली असते, आणि ती त्या समन्सवर सापडत नाही. स्टेट कोर्टात लागलेला दिवाणी दावा फेडरल कोर्टात नेण्याचा हक्क काही खटल्यांत प्रतिवादीला असतो. तो या ३० दिवसांत वापरला नाही तर बहुतेक वेळा कायमचा जातो. आमच्याकडे येणारी आपली माणसं, मोटेलवाले, दुकानदार, छोट्या आयटी कंपन्यांचे मालक, ३५ चा आकडा डोक्यात ठेवून पाचव्या आठवड्यात फोन करतात. तोवर वकिलांच्या हातात काही उरलेलं नसतं, आणि मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात लॉ केलं, शिवाजीनगरच्या कोर्टात काही वर्षं दिवाणी कामं केली आणि आता एडिसनजवळच्या एका लॉ ऑफिसात पॅरालीगल आहे. मुदती सांभाळणं, नोटिसा तयार करणं, कागद दाखल करणं हे माझं रोजचं काम. तुमच्या खटल्यात काय करावं हा सल्ला न्यू जर्सीत सनद असलेल्या वकिलानंच द्यायचा. पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं, कोणते कागद न्यायचे आणि किती घाई करायची हे ठाऊक असलं तर तुमचे पैसेही वाचतात आणि दिवसही.

भारतातल्या कोर्टाची सवय असलेल्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडे दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात न्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा कोर्टात किंवा हायकोर्टात अर्ज करतात, समोरच्याचं म्हणणं ऐकतात, मग हुकूम होतो. इथे परवानगी मागायचीच नसते. प्रतिवादी फेडरल कोर्टात नोटीस दाखल करतो, वादीला कळवतो, नोटिशीची प्रत स्टेट कोर्टाच्या क्लार्ककडे देतो, आणि दावा गेला. जायला हवा होता की नाही हे भांडण नंतर होतं. याला रिमूव्हल म्हणतात. १७८९ च्या ज्युडिशियरी ॲक्टपासून ही सोय आहे. परक्या राज्यातल्या प्रतिवादीला स्थानिक कोर्टात पक्षपाताची भीती वाटू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण. हक्क फक्त प्रतिवादीचा. वादीनं कोर्ट स्वतः निवडलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर प्रतिदावा आला तरी त्याला दावा हलवता येत नाही.

आधी तारीख पक्की करा

कागद कोणाच्या हातात, कोणत्या दिवशी आणि कसा पडला ते लिहून काढा. लिफाफा टाकून देऊ नका. मुदत रीतसर बजावणीपासून मोजतात. समोरच्या वकिलानं नुसती माहितीसाठी म्हणून दाव्याची प्रत फॅक्सनं किंवा ईमेलनं पाठवली, तर त्यानं मुदत सुरू होत नाही. मर्फी ब्रदर्स विरुद्ध मिचेटी या १९९९ च्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं आहे.

न्यू जर्सीत समन्स तुमच्याच हातात पडायला हवं असं नाही. त्याच घरात राहणाऱ्या, १४ वर्षं किंवा त्याहून मोठ्या, समजत्या माणसाकडे दिलं तरी बजावणी झाली. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई दारात कागद घेतात आणि टपालाच्या गठ्ठ्यात ठेवून देतात, हे आपल्या घरांत होतंच. आई त्या घरात ‘राहणाऱ्या’ म्हणायच्या की पाहुण्या, यावर वाद घालता येईल. पण मुदतीच्या बाबतीत असल्या वादावर भिस्त ठेवू नये. आईंच्या हातात कागद पडला तोच दिवस धरून मोजावं. कंपनीनं रजिस्टर्ड एजंट (तिच्या वतीनं कोर्टाचे कागद घेणारा) नेमला असेल तर एजंटाला समन्स मिळालं तो दिवस. एजंटानं ते तुमच्याकडे आठवडाभरानं पाठवलं, हे कोर्ट ऐकून घेणार नाही.

बजावणीचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागा. ३ मार्चला बजावणी झाली तर तिसावा दिवस २ एप्रिलला येतो आणि स्टेट कोर्टात उत्तर देण्याचा पस्तिसावा दिवस ७ एप्रिलला. शेवटचा दिवस शनिवारी, रविवारी किंवा कायदेशीर सुट्टीला आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते, पण त्या सवलतीवर मी कधी विसंबत नाही. कॅलेंडरवर मी पंचविसावा दिवसच शेवटचा म्हणून लिहिते.

प्रतिवादी अनेक असतील तर प्रत्येकाचे ३० दिवस त्याच्या त्याच्या बजावणीपासून सुरू होतात. मात्र ज्यांच्यावर रीतसर बजावणी झालेली आहे त्या सगळ्यांची संमती लागते. भागीदारांत आधीच बोलणं बंद असेल तर सहीसाठी फिरण्यातच दोन आठवडे जातात, म्हणून संमतीचं काम पहिल्या दिवसापासून हातात घ्यावं. ती लेखी घ्या, ज्याच्या त्याच्या सहीची किंवा त्याच्या वकिलाच्या सहीची.

दावा फेडरल कोर्टात बसतो का

साधारण दोन कारणांनी बसतो. पहिलं कारण, वादीनं स्वतःच्या दाव्यात फेडरल कायद्याचा आधार घेतला आहे. समजा, ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटवर स्वयंपाक्यानं न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात ओव्हरटाइमचा दावा लावला. दाव्यात दोन कलमं आहेत: एक फेडरल फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्टखाली, दुसरं न्यू जर्सीच्या वेतन कायद्याखाली. पहिल्या कलमामुळे अख्खा दावा हलवता येतो. रक्कम किती, कोण कुठल्या राज्याचा, हे इथे बघतच नाहीत. असा वेतनाचा दावा स्टेट कोर्टातून हलवता येतो हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये ब्रॉयर विरुद्ध जिम्स काँक्रीट या खटल्यात मान्य केलं. पण दाव्यात फक्त न्यू जर्सीचेच कायदे असतील, तर या कारणानं सहसा जाता येत नाही.

बघायचं ते वादीच्या दाव्यात. तुमच्या बचावात फेडरल कायदा आहे किंवा तुम्ही प्रतिदावा फेडरल कायद्याखाली करणार आहात, याचा उपयोग नाही. यामागचा जुना खटला मोटली नवराबायकोचा. १८७१ मध्ये त्यांना रेल्वे अपघातात इजा झाली. लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेनं तडजोडीत दोघांना आयुष्यभराचा मोफत पास दिला. १९०६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मोफत पासांवर बंदी आणली, रेल्वेनं पास बंद केला आणि मोटली करारभंगाचा दावा घेऊन थेट फेडरल कोर्टात गेले. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तुमचा दावा करारावर आहे. फेडरल कायदा आला तो रेल्वेच्या बचावात, आणि तेवढ्यानं हे काम फेडरल कोर्टाचं होत नाही. रिमूव्हललाही हीच फूटपट्टी. ‘आमच्या बाजूनं फेडरल कायदा आहे की!’ असं अशील म्हणाला की मी त्याला मोटलींची गोष्ट सांगते, लगेच पटतं.

जानेवारी २०२५ मध्ये या कारणाला एक नवा धोका जोडला गेला. रॉयल कॅनिन विरुद्ध वुल्शलेगर या निकालानुसार, दावा फेडरल कोर्टात गेल्यावर वादीनं दुरुस्ती करून फेडरल कलमं काढून टाकली आणि मागे फक्त राज्याच्या कायद्याची कलमं उरली, तर दावा स्टेट कोर्टात परत जातो. त्या स्वयंपाक्याच्या वकिलाला हे सहज परवडेल. न्यू जर्सीच्या कायद्याखाली सहा वर्षांपर्यंतचं थकीत वेतन मागता येतं. फेडरल कायद्याखाली दोन, आणि मालकानं जाणूनबुजून चुकवलं असेल तर तीन वर्षांचं. म्हणजे फेडरल कलम सोडून त्याचं फारसं नुकसान नाही, आणि तुमचा हलवण्याचा खर्च मात्र पाण्यात जातो. वेतनाच्या दाव्यात हा विचार वकिलाबरोबर आधीच करा.

कोण कुठला: इथेच सगळे अडकतात

दुसरं कारण म्हणजे दोन्ही बाजूंचं नागरिकत्व वेगळं असणं. वादी एका राज्याचा, प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा किंवा दुसऱ्या देशाचा, आणि व्याज व कोर्टखर्च सोडून वादाची रक्कम ७५,००० डॉलरच्या वर. वेगळेपण पूर्ण हवं: वादींपैकी एक आणि प्रतिवादींपैकी एक जरी एकाच राज्याचे निघाले तरी कारण संपलं. १८०६ पासून हाच नियम आहे.

आपल्या लोकांसाठी यातला प्रत्येक बारकावा महत्त्वाचा आहे. अमेरिकी नागरिक ज्या राज्यात कायमचं घर करून राहतो त्या राज्याचा. कायमचं घर म्हणजे राहतो आणि तिथेच राहायचा इरादा आहे, असं ठिकाण; ड्रायव्हर लायसन्स, मतदार नोंदणी, टॅक्स रिटर्न यांवरून ते दाखवतात. एच-१बी वर असलेला माणूस भारताचाच नागरिक, मग तो एडिसनला कितीही वर्षं राहो. त्यामुळे शेजारच्या घरातल्या अमेरिकी माणसानं त्याच्यावर एक लाखाचा दावा लावला, तर दोघांची कुंपणं लागून असली तरी तो दावा फेडरल कोर्टात जाऊ शकतो. तोच माणूस ग्रीन कार्डधारक झाला आणि न्यू जर्सीतच स्थायिक असला, तर न्यू जर्सीच्या नागरिकाशी त्याचा वाद या कारणानं जात नाही. कायद्यात तसा अपवाद लिहिलेला आहे. आणि दोन्ही बाजूंना भारताचेच नागरिक असतील, दोन एच-१बी वाले भागीदारीवरून भांडत असतील, तर तेही बसत नाही.

अमेरिकी पासपोर्ट घेऊन निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला कायमचे परतलेले काका-काकू आता बऱ्याच घरांत आहेत. ते अमेरिकी नागरिक आहेत, पण त्यांचं कायमचं घर कुठल्याच राज्यात नाही. परदेशी नागरिक म्हणूनही त्यांना धरत नाहीत, कारण पासपोर्ट अमेरिकेचा. असा एक माणूस खटल्यात पक्षकार असला की नागरिकत्वाच्या कारणावर फेडरल कोर्ट मिळतच नाही. न्यूमन-ग्रीन विरुद्ध अल्फोन्सो-लारेन या १९८९ च्या खटल्यात व्हेनेझुएलात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकामुळे हेच झालं होतं. शेवटी त्याला खटल्यातून वगळलं तेव्हा गाडी पुढे सरकली.

आता मर्यादित जबाबदारीची कंपनी, म्हणजे एल्एल्‌सी. कॉर्पोरेशन असेल तर ती जिथे नोंदली आहे ते राज्य आणि जिथून तिचा कारभार चालतो ते राज्य, ही दोनच बघायची. २०१० च्या हर्ट्झ विरुद्ध फ्रेंड या निकालानंतर कारभाराचं ठिकाण म्हणजे वरिष्ठ मंडळी जिथून सूत्रं हलवतात ते ठिकाण. एल्एल्‌सीला मात्र स्वतःचं नागरिकत्व नसतं. तिच्या प्रत्येक सदस्याचं नागरिकत्व तिला चिकटतं. आमच्या थर्ड सर्किटनं (न्यू जर्सी ज्याच्या हद्दीत येतं त्या फेडरल अपील कोर्टानं) झाम्बेली फायरवर्क्स विरुद्ध वूड या २०१० च्या निकालात हे सांगितलं आहे. सदस्य स्वतः एल्एल्‌सी असेल तर तिच्याही सदस्यांपर्यंत जायचं, अगदी तळ लागेपर्यंत.

एक नमुना घेऊ. अटलांटिक सिटीजवळ एका एल्एल्‌सीचं मोटेल आहे. पेनसिल्व्हेनियातून आलेला पाहुणा जिन्यावरून पडला, पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानं एल्एल्‌सीवर न्यू जर्सीच्या कोर्टात दावा लावला. एल्एल्‌सीत तीन सदस्य: धाकटा भाऊ एडिसनला, अमेरिकी नागरिक, मेहुणा ह्यूस्टनला, ग्रीन कार्डवर, थोरला भाऊ अमेरिकी नागरिक, पण सगळं विकून पुण्याला परतलेला. मेहुण्याची अडचण नाही, वादी टेक्सासचा नाही. थोरल्या भावामुळे मात्र कारणच कोसळलं. तो नसता आणि धाकटा एकटाच असता तरी उपयोग नव्हता, कारण दुसरा एक नियम आडवा येतो: नागरिकत्वाच्या कारणावर दावा हलवायचा असेल, तर बजावणी झालेला कोणीही प्रतिवादी ज्या राज्यात दावा लागलाय त्याच राज्याचा नागरिक असता कामा नये. घरच्याच कोर्टात पक्षपाताची भीती कसली, असा त्यामागचा विचार. म्हणून एल्एल्‌सीचे सगळे सदस्य, त्यांचा पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आणि कायमचं घर, एवढी यादी पहिल्याच दिवशी करा. बाकी तांत्रिक त्रुटी निस्तरता येतात. ही चूक झाली तर वर्षभर काम चालल्यावरसुद्धा दावा परत जातो, कारण फेडरल कोर्टाला जो अधिकार नाही तो दोन्ही पक्षांच्या संमतीनंही मिळत नाही.

काही भांडणं नागरिकत्व आणि रक्कम जुळूनही तिथे चालत नाहीत. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, मृत्युपत्राचा प्रोबेट ही कामं फेडरल कोर्ट घेत नाही.

७५,००० दाखवायचे कसे

न्यू जर्सीत जिन्यावरून पडण्यासारख्या नुकसानभरपाईच्या दाव्यात आकडा लिहायचा नाही असाच नियम आहे, त्यामुळे कागदावर नुसतं ‘नुकसानभरपाई मिळावी’ एवढंच दिसतं. मग आकडा वाढीव वाटेल म्हणून प्रतिवादी गप्प बसतो आणि मुदत उलटते. दाव्यात कायमचं अपंगत्व, शस्त्रक्रिया, बुडालेला पगार असं वर्णन असेल, तर तेवढ्यावरून ७५,००० ओलांडले जातात असं कोर्ट मानू शकतं. नोटिशीत आकडा पटण्यासारखा मांडला की सुरुवातीला पुरे. पुरावा वादीनं हरकत घेतली तर किंवा कोर्टानं विचारलं तर द्यायचा, असं डार्ट चेरोकी विरुद्ध ओवेन्स या २०१४ च्या निकालात आहे.

खरंच अंदाज येत नसेल तर न्यू जर्सीच्या नियम ४:५-२ खाली वादीला लेखी विचारा: तुमची मागणी किती? त्यानं पाच दिवसांत लेखी आकडा द्यायचा असतो. हे पत्र बजावणीच्या पहिल्याच आठवड्यात पाठवायला हवं. मूळ दाव्यावरून हलवता येण्यासारखं दिसत नव्हतं आणि नंतरच्या एखाद्या कागदावरून ते उघड झालं, तर त्या कागदापासून नवे ३० दिवस मिळतात. पण मूळ दाव्यातच सगळं दिसत होतं असं जज म्हणाले तर ते नवे दिवस गेले, म्हणून माझा कल नेहमी पहिल्या तारखेकडे. शिवाय नागरिकत्वाच्या कारणावर, वादीनं मुद्दाम लपवाछपवी केली नसेल तर, दावा दाखल झाल्यापासून एका वर्षानंतर हलवता येत नाही.

हलवावा का

हलवता येतो म्हणून हलवायलाच हवा, असं मुळीच नाही. न्यू जर्सीच्या दिवाणी ज्युरीत साधारण सहा जण असतात आणि त्यांतल्या पाचांचं मत पुरतं. फेडरल कोर्टात ज्युरीचं एकमत लागतं. प्रतिवादीसाठी हा मोठा फरक आहे, विशेषतः जिन्यावरून पडण्यासारख्या दाव्यात, जिथे दोष कोणाचा यावर माणसं वेगवेगळी मतं घेऊन बसतात. दुसऱ्या बाजूला, फेडरल कोर्टात सुरुवातीलाच साक्षीदारांची नावं, कागदपत्रं आणि विम्याची माहिती स्वतःहून द्यावी लागते, वकिलांनी बैठक घेऊन वेळापत्रक ठरवायचं असतं, आणि जज त्या तारखांना धरून राहतात. वकिलाचे तास वाढतात. साध्या पैशाच्या वादात, जिथे तडजोड होणार हे दोघांनाही दिसतंय, तिथे मी अशिलांना सांगते की हा प्रश्न वकिलांना स्पष्ट विचारा: हलवून माझा नेमका फायदा काय? समाधानकारक उत्तर आलं नाही तर आहे तिथेच लढा.

एक मात्र लक्षात ठेवा. निर्णय होईपर्यंत स्टेट कोर्टात प्रतिदावा किंवा मोठे अर्ज दाखल करू नका. तिथे खेळायला उतरलात तर हलवण्याचा हक्क सोडला, असं म्हटलं जाऊ शकतं. मूळ करारातही बघा. वाद अमुक काउंटीच्या स्टेट कोर्टातच चालेल असं कलम असेल तर तिथेच अडाल.

कागद

मुख्य कागद नोटीस ऑफ रिमूव्हल. दावा कधी, कुठे, कोणत्या डॉकेट नंबरनं (खटल्याच्या क्रमांकानं) दाखल झाला, बजावणी कधी झाली, फेडरल कोर्टात का बसतो, इतर प्रतिवादींची संमती, आणि मुदतीत आहोत हे. साध्या परिच्छेदांत, नंबर घालून. खाली वकिलाची सही; वकील नसेल तर तुमची. माणूस स्वतः उभा राहू शकतो, पण एल्एल्‌सी किंवा कॉर्पोरेशनला फेडरल कोर्टात वकील लावावाच लागतो. मालक एकटाच असला तरी.

नागरिकत्वाचं वाक्य लिहिताना काळजी घ्या. ‘वादी न्यू जर्सीचा रहिवासी आहे’ एवढ्यानं भागत नाही. अमुक राज्यात त्याचं कायमचं घर आहे आणि तो तिथला नागरिक आहे असं लिहावं लागतं. आणि हे दावा दाखल झाला त्या दिवशीही खरं होतं आणि आजही खरं आहे, असं म्हणायचं. एल्एल्‌सी असेल तर एकेका सदस्याचं वेगळं वाक्य. नोटिशीचा मसुदा तपासताना मी सगळ्यात जास्त वेळ याच परिच्छेदांवर घालवते.

सोबत तुमच्यावर बजावलेले सगळे कागद जोडायचे: समन्स, दावा, हुकूम असतील तर तेही. जे.एस. ४४ नावाचं कव्हर शीट भरायचं. त्यात ‘ओरिजिन’ (दावा इथे कसा आला) या चौकटीत दोन नंबरचा पर्याय, स्टेट कोर्टातून आणलेला. फेडरल दिवाणी नियमांतल्या नियम ७.१ खालचं निवेदन, ज्यात नागरिकत्वाचा खटला असेल तर डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक पक्षानं आपलं नागरिकत्व जाहीर करायचं असतं. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाचे स्थानिक नियम वेगळे वाचा: १०.१ प्रमाणे पक्षकारांचे पूर्ण पत्ते, ११.२ प्रमाणे याच विषयावर दुसरीकडे खटला चालू आहे की नाही याचं प्रमाणपत्र. फी ४०५ डॉलर. न्यू जर्सी राज्य मिळून एकच फेडरल डिस्ट्रिक्ट आहे, नुअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन इथे त्याची कोर्टं. तुमच्या काउंटीचं काम कुठे जाईल ते कोर्ट ठरवतं.

फेडरल कोर्टात दाखल झालं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी वादीच्या वकिलाला लेखी कळवा आणि नोटिशीची प्रत स्टेट कोर्टात, मूळ डॉकेट नंबरवर दाखल करा. स्टेट कोर्टाचे हात बांधले जातात ते ही प्रत तिथे पोचल्यावर. ती राहिली तर तिकडे पस्तिसावा दिवस उलटेल आणि वादी एकतर्फी निकालाचा अर्ज टाकेल.

आता उत्तराची मुदत बदलली

दावा फेडरल कोर्टात गेल्यावर ३५ दिवस विसरा. तीन तारखा काढायच्या: दाव्याची प्रत मिळाल्यापासून २१ दिवस, समन्स बजावल्यापासून २१ दिवस, नोटीस दाखल केल्यापासून ७ दिवस. सगळ्यात शेवटी येणारी तारीख तुमची. वरच्याच उदाहरणात, ३ मार्चला दावा आणि समन्स एकदमच मिळाले आणि तुम्ही १० मार्चला हलवलंत, तर २१ वा दिवस २४ मार्च आणि ७ वा दिवस १७ मार्च. म्हणजे २४ मार्चला उत्तर. स्टेट कोर्टात राहिला असतात तर ७ एप्रिलपर्यंत वेळ होता. तिसाव्या दिवशी, २ एप्रिलला हलवलंत, तर ९ एप्रिल. लवकर हलवणाऱ्याला उत्तरही लवकर द्यावं लागतं, त्यामुळे नोटीस आणि उत्तराचा मसुदा हातात हात घालून चालू द्या. वेळ अपुरा असेल तर न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात स्थानिक नियम ६.१ खाली क्लार्ककडून १४ दिवसांची वाढ मिळते, मात्र मूळ मुदत संपायच्या आत मागायची.

ज्युरी हवी असेल तर आधीच तपासा. स्टेट कोर्टात कोणी ज्युरी रीतसर मागितली असेल तर पुन्हा मागावी लागत नाही. नसेल तर १४ दिवसांची मुदत लागते, आणि ती उत्तरापासून धरायची की नोटिशीपासून, हे तोवर कोणते कागद दाखल झालेत त्यावर ठरतं. आमच्याकडे उत्तरातच ज्युरीची मागणी लिहितात, प्रश्न मिटतो.

वादीनं परत पाठवायला सांगितलं तर

मुदत चुकली, एखाद्या प्रतिवादीची संमती नाही, कागद अपुरे आहेत, अशा त्रुटींवर हरकत घ्यायला वादीलाही ३० दिवसच असतात, नोटीस दाखल झाल्यापासून. ते उलटले की त्या त्रुटी तो उगाळू शकत नाही. अधिकाराचाच प्रश्न असेल, म्हणजे फेडरल कायदा नाही आणि नागरिकत्वही जुळत नाही, तर अंतिम निकालाआधी केव्हाही तो उठतो, आणि जज स्वतःही उठवू शकतात. हलवायला काहीच रास्त आधार नव्हता असं दिसलं तर वादीच्या वकिलाचा खर्च तुमच्यावर बसू शकतो. २००५ च्या मार्टिन विरुद्ध फ्रँकलिन कॅपिटल या निकालात ही कसोटी आहे. परत पाठवण्याच्या हुकमावर बहुतेक खटल्यांत अपील नाही, तेव्हा हरकतीला उत्तर देताना सगळा पुरावा एकदमच ठेवायचा: सदस्यांची प्रतिज्ञापत्रं, लायसन्स, टॅक्स रिटर्नची पहिली पानं, वैद्यकीय बिलं.

दावा परत गेलाच, तर फेडरल कोर्टाचा क्लार्क हुकमाची प्रमाणित प्रत स्टेट कोर्टाच्या क्लार्कला पाठवतो आणि तिथे जुन्याच डॉकेट नंबरवर काम पुढे चालतं. त्या दिवशी लगेच स्टेट कोर्टाचा डॉकेट उघडून बघा. फेडरल कोर्टात दिलेलं तुमचं उत्तर तिथे असेलच असं नाही, म्हणून आम्ही ते त्याच आठवड्यात, स्टेट कोर्टाच्या नियमांप्रमाणे वरचा मजकूर बदलून, पुन्हा दाखल करतो आणि पोच फाइलला लावतो.